दारात इचार करायचा न्हाई

चालत्या एसटीतून पडलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. उभ्या एसटीतून पडलेला माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो सध्या हे लिहितो आहे.

साताऱ्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची नोकरी लागली म्हणून मी सांगलीहून निघालो होतो. कराडपासून शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी वाटेत मला अर्धी काकडी दिली होती. सातारा स्टँडात गाडी थांबली. मी ट्रंक उचलून दारापर्यंत आलो, एक पाय पायरीवर ठेवला आणि त्या गृहस्थांना "येतो हं" म्हणायला मागं वळलो. आमच्या घरची ती रीतच. बाहेर पडताना उंबऱ्यात थांबायचं, चौकटीला हात लावायचा, मागं वळायचं आणि 'येतो' म्हणायचं. चुकून 'जातो' निघालं तोंडातून, तर आई परत आत बोलावून बसवायची आणि पाणी प्यायला लावायची. ही सवय इतकी हाडीमाशी मुरलेली, की पोस्टातून निघतानाही मी खिडकीतल्या कारकुनाला येतो म्हणतो. तो वर बघत नाही, ती गोष्ट वेगळी. तर मी वळलो, दुसरा पाय पायरी सोडून हवेत पडला, आणि ट्रंकेसकट मी जमिनीवर आलो.

खाली एक उंच गृहस्थ उभे होते. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा, मिशांना पीळ. त्यांनी मला हात दिला नाही. नुसतं बघत राहिले.

"मास्तर हाय न्हवं तुमी?"

"हो."

"वाटलंच. उठा. परत चढा गाडीत."

"कशाला?"

"परत उतरा. ह्या बारीला पाय जोडून, हनुवटी छातीला, आन् मागं बघायचं न्हाई. मागं काय हाय? म्हातारा हाय. तो काय तुमास्नी धरनार हुता व्हय?"

माणसं जमायला लागली होती. अशा वेळी सांगितलेलं ऐकावं, ही माझी दुसरी जुनी सवय. मी चढलो. कंडक्टर म्हणाला, "काय साहेब, आता पुण्याला येताय का?" मी पाय जोडून, हनुवटी छातीला लावून उतरलो. ते गृहस्थ म्हणाले, "वाईट. पर पडला न्हाईसा." आणि चालू लागले. संध्याकाळी खोली शोधत शोधत एका घराशी पोचलो तर दारात तेच. ज्याला उतरायचं कळत नाही त्याला वरचाच मजला द्यायला हवा, असं म्हणून त्यांनी मला वरच्या दोन खोल्या दिल्या. घरमालक म्हणून ते मला असे लाभले.

सगळे त्यांना हवालदार म्हणत. सैन्यात छत्रीनं उड्या मारणाऱ्या पलटणीत त्यांची नोकरी झाली होती. आता नदीकाठी ऊस होता, उसाबरोबर गुऱ्हाळ होतं आणि साताऱ्यात हे घर होतं. घर साधंच, पण त्यात एक गोष्ट नव्हती. कुठल्याच दाराला उंबरा नव्हता. हवालदारांनी स्वतः करवत घेऊन सगळे कापून काढले होते. "उंबरा म्हंजे पायातली खुट्टी. मानूस बाहेर पडताना आधीच घाबरल्यालं अस्तंय, त्येला आनि खुट्टी कशाला?" त्यांची बायको, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, रोज सकाळी उंबरा जिथं असायला हवा होता तिथल्या फरशीवर रांगोळीची दोन बोटं ओढायच्या आणि त्यावर हळदकुंकू वाहायच्या. हवालदार त्या रांगोळीवरून पाय जोडून उडी मारून बाहेर पडायचे. रोज. दोघांत त्याबद्दल कधी एक शब्द झालेला मी ऐकला नाही.

जगात आत शिरणं कुणालाही जमतं, असं हवालदारांचं म्हणणं. लग्नात शिरतंय, नोकरीत शिरतंय, भांडणात तर बोलावल्याशिवाय शिरतंय. "आत कुनीबी घुसतंय, मास्तर. बाहेर पडायला उस्ताद लागतोय." त्यामुळं त्यांचं सगळं लक्ष बाहेर पडण्याकडं. लग्नाला गेले तर मांडवाच्या तोंडाशी बसायचे. सिनेमाला गेले तर दाराजवळची खुर्ची, आणि शेवट व्हायच्या आत बाहेर. मी एकदा विचारलं, "हवालदारसाहेब, शेवटी काय झालं हे कळतच नाही ना मग?" म्हणाले, "शेवटाला समदी एकदम उठत्यात. त्या गर्दीत मराया कोन थांबतंय? शेवट तुमी सांगा की." मग दुसऱ्या दिवशी मी शेवट सांगायचो, आणि तो सांगत असताना अर्ध्यात ते उठून जायचे. बोलणं सुरू असताना मध्येच उठून जाणं हा तर त्यांचा नित्याचा परिपाठ होता. तुमचं वाक्य संपायचं असलं तरी त्यांचं संपलेलं असायचं.

पाहुण्यांनाही ते दारात रेंगाळू देत नसत. पाहुणा दाराशी आला, चपलेत पाय सरकवत "बरं का मग…" म्हणत रेंगाळला, की हवालदार मागं जाऊन उभे राहायचे, त्याच्या खांद्यावर सणसणीत थाप मारायचे आणि ओरडायचे, "गो!" पाहुणा रस्त्यावर. वाईचे एक गुरुजी सत्यनारायणाला आले होते. निघताना प्रसादाच्या वाट्या हातात धरून आशीर्वाद पुटपुटत दारात थांबले. पुढं काय झालं ते सांगायला नको. त्यानंतर गुरुजी पूजेला येत राहिले, पण मागच्या दारानं जात.

"दारात हुबा ऱ्हायल्याला मानूस ना घरचा, ना भायेरचा," हवालदार म्हणायचे. "इचार करायचा तर बाकावर बसून करा. पायजे तेवढा करा. दारात इचार करायचा न्हाई."

माझं शिक्षण आणि पोट दोन्ही विचारावर चाललेलं. त्यामुळं त्यांचं माझ्याबद्दल मत फारसं बरं नव्हतं.

आता माझं आणि विमानाचं नातं कसं जुळलं ते सांगतो. कॉलेजातल्या छात्रसैनिकांचा अधिकारी म्हणून कुणीतरी खाकी घालायला हवी होती, आणि सगळ्यात नवा मी होतो. त्या वर्षी आग्र्याला छत्रीउड्यांच्या शिक्षणासाठी काही पोरं जाणार होती आणि बरोबर एक अधिकारी द्यायचा होता. बैठकीत सगळे खिडकीबाहेर बघत होते. शांतता अवघड वाटली म्हणून मी सहज म्हटलं, "आमचे घरमालक छत्रीवाले आहेत." त्या एका वाक्यावर माझी निवड झाली. डॉक्टरांनी मला सगळीकडून ठोकून पाहिलं. दुर्दैवानं काहीच सापडलं नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. नुकतं वर्ष झालं होतं लग्नाला, आणि तिला दिवस गेलेले होते. ती गवार मोडत होती. म्हणाली, "तुम्ही? स्टूलवर चढून दिवा बदलताना मला स्टूल धरायला लावता." मी म्हटलं, तिथं धरायला लोक असतात. ती शेंगा जोरात मोडायला लागली.

खाली हवालदारांनी हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी ते वर आले. मला वाटलं अभिनंदन करतील.

"मास्तर, तुमी मरनार," ते म्हणाले. "छत्री न्हाई उघडली म्हनून न्हवं. छत्री उघडतीया. पट्टा इमानाच्या तारंला अडकवल्याला अस्तोय, त्यो आपसूक उघडतोय. तुमी मरनार त्या 'येतो'नं. दारात वळनार तुमी. वळला, की अंग फिरलं. अंग फिरलं, की दोऱ्यास्नी पीळ. मग छत्री उघडून काय उपेग? गरागरा फिरत खाली. उद्यापास्नं गुऱ्हाळावर या."

गुऱ्हाळावर चिपाडाचा डोंगर साठलेला असतो, ते मला माहीत होतं. त्याचा असा उपयोग असेल हे माहीत नव्हतं. हवालदारांनी उसाच्या गाडीवर एक जुनी दाराची चौकट दोरानं बांधून उभी केली होती. चौकटीत मी, खाली चिपाड, आणि पाठीमागं हवालदार. मी दारात येऊन उभं राहायचं. पाय कडेवर, हात पोटावर, कारण पोटावर राखीव छत्री असते. खांद्यावर थाप पडली की बाहेर. मनात एक हजार, दोन हजार असं म्हणत राहायचं, म्हणजे छत्री उघडेपर्यंत जिवाला काहीतरी काम राहतं. खाली आलं की पाय जोडलेले, गुडघे थोडे वाकलेले, आणि आधी पोटरी, मग मांडी, मग कंबर, मग पाठ असं लोळत जायचं.

लोळणं मला लगेच जमलं. पडण्याचा अनुभव होता. पण चौकट दिसली की हात आपोआप लाकडाला लागायचा आणि मान मागं वळायची.

"येतो," मी म्हणायचो.

"कुनाला सांगतायसा?" हवालदार ओरडायचे. "इमानात तुमची आई बसलीया व्हय?"

गुळव्या काहिलीतला रस ढवळता ढवळता मजा बघायचा. "हवालदार, मास्तरला हिकडं काहिलीत टाका. एका बारीत शिकंल."

"तू गप रं. तुजा गूळ लागंल बुडाला."

"माजा न्हाई लागत. मास्तरचं बूड बगा आदी, समदं चिपाड चिकटलंया."

असं रोज चालायचं. मी कॉलेजात जाऊन अनुमान आणि हेत्वाभास शिकवायचो आणि संध्याकाळी येऊन गाडीवरून चिपाडात पडायचो. आठवडा उलटला तरी मान वळायची थांबेना. शेवटी हवालदारांनी फर्मान काढलं. आजपासून प्रत्येक दार हे विमानाचं दार. घरातून, वर्गातून, हजामाच्या दुकानातून, कुठूनही निघताना वळायचं नाही, बोलायचं नाही. मी करायला लागलो. वर्गातून हनुवटी छातीला लावून बाहेर पडायला लागलो तेव्हा मुलांना वाटलं मी रागावलोय. वर्गात एकदम शिस्त आली.

हवालदार असे का झाले, हे मला माझ्या बायकोकडून कळलं. तिला काकींनी सांगितलं होतं. हवालदारांनी विमानातून इतक्या उड्या मारल्या, पण पाय मोडला तो सुट्टीवर आले असताना, स्वतःच्या बैलगाडीतून उतरताना. "मीच हाक मारली, पोरी," काकी म्हणाल्या होत्या. "रानात न्यायची भाकरी घरातच ऱ्हायली हुती. मागनं हाक मारू ने म्हनत्यात, पर म्या मारली. ह्ये वळलं, बैल चालला, पाय चाकाच्या आऱ्यात." पाय जुळला, पण उड्या संपल्या. राहिलेली नोकरी भांडारात ब्लँकेटं मोजत गेली. त्यानंतर उंबरे कापले गेले. त्यानंतर हवालदारांनी निघताना कधी मागं बघितलं नाही आणि काकींनी कधी मागून हाक मारली नाही. भाकरी राहिली तर राहिली.

"मग त्या कधी सांगतात, काही राहिलं तर?" मी विचारलं.

"त्या आधीच सगळं पिशवीत भरून ठेवतात," बायको म्हणाली. "आणि ते कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत बघत राहतात. तुम्हाला कसं दिसेल? तुम्ही चिपाडात असता."

आठवा महिना लागला तशी बायको बाळंतपणाला माहेरी, माधवनगरला गेली. सासरे गिरणीत होते. आग्र्याला निघायच्या आधी मी तिला भेटायला गेलो, रात्री मिरजेहून गाडी धरायची होती. साताऱ्याहून निघताना हवालदारांनी बजावलं होतं, "माधवनगरचं दार शेवटचं. थितं वळला तर आग्र्यातबी वळनार. मग म्या तुमाला वळखत न्हाई." आणि माधवनगरला पोचल्यावर बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई रोज देव पाण्यात ठेवून बसलीये. तुम्हाला काय ते कुठूनही पडा, पण इथून निघताना नीट सांगून निघा. एवढंच करा."

म्हणजे दोन दारं होती. एकात वळायलाच हवं होतं आणि दुसऱ्यात वळलो तर गरागरा फिरत खाली येणार होतो. आणि मान एकच. तर्कशास्त्रात अशा पेचाला शिंगांची उपमा देतात. कुठल्या शिंगावर बसायचं एवढंच आपल्या हातात.

निघायची वेळ झाली. सासूबाईंनी हातावर दही ठेवलं. सासरे, दोन मेहुण्या, शेजारच्या काकू, सगळे ओळीनं उभे. बायको भिंतीला टेकून होती, एक हात कमरेवर. मी दही चाटलं. पिशवी उचलली. उंबरा समोर होता, चांगला जाड, सागवानी. हनुवटी छातीला लावली, पाय जोडले आणि उडी मारून बाहेर पडलो. सरळ गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो.

मागून कुणी हाक मारली नाही, कारण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते. मी वळलो नाही, कारण वळायचं नव्हतं. दोन्ही बाजूंनी नियम काटेकोर पाळले गेले आणि कुणी कुणाशी बोललं नाही.

आग्र्याचं सांगण्यासारखं थोडंच आहे. जमिनीवरचं शिक्षण झालं, त्यात चिपाडाचा फार उपयोग झाला. पहिली उडी एकट्याची असते. म्हणजे त्या फेरीत दारातून एकच माणूस जातो. मी अधिकारी, म्हणून पहिला मी. डाकोटा विमानाला ज्या बाजूनं उडी मारायची त्या बाजूला दारच नसतं, नुसतं भोक. मी उठलो, पट्ट्याचा हूक तारेला अडकवला, दुसऱ्यानं तो तपासला, आणि मी भोकात जाऊन उभा राहिलो. खाली शेतं हळूहळू सरकत होती. दाराशी लाल दिवा लागलेला होता. हिरवा झाला की सोडणारा सुभेदार थाप मारणार आणि मी जाणार.

सुभेदार पंजाबी होता, हात सुपाएवढा. माझा पट्टा खांद्यावर मुडपलेला दिसला म्हणून तो सरळ करायला त्यानं तिथं हात ठेवला.

मी गेलो.

त्यात माझा काही दोष नव्हता. हवालदारांच्या हाताखालून गेलेला कुठलाही माणूस गेला असता. मागून सुभेदाराचा आवाज ऐकू आला, "ओए! अभी नहीं!" पण तोपर्यंत मी दोन हजारावर होतो. वळून बघायचा प्रश्नच नव्हता. तीन हजाराच्या पुढं कुणीतरी मला काखेत धरून वर ओढल्यासारखं झालं. वर बघितलं तर छत्री उघडलेली, दोऱ्या सरळ, एकही पीळ नाही. मग एकदम शांत. इतकं शांत, की खाली कुणीतरी मोट हाकत होतं ते ऐकू आलं.

उतरायचं मैदान पुढं कुठंतरी राहिलं. मी मटाराच्या एका शेतात पोटरी, मांडी, कंबर, पाठ अशा क्रमानं उतरलो. एक बाई शेंगा तोडत होती. तिनं पदर पुढं ओढला आणि विचारलं, "ऊपर से आए हो?"

"हाँ जी."

"पानी पियोगे?"

पाणी प्यालो. तिनं ओंजळभर शेंगाही दिल्या. छत्री गोळा करून निघालो, बांधापर्यंत गेलो, आणि मान आपोआप वळली. "येतो हं," मी मराठीत म्हणालो. तिनं हात वर केला.

जीप घेऊन आलेला कॅप्टन मला म्हणाला, "बाहेर पडणं अगदी पुस्तकातल्यासारखं. फक्त विमान अजून पोचलं नव्हतं." पुढच्या उड्यांना सुभेदार माझ्यापासून हातभर लांब उभा राहायचा.

हवालदारांना हे सगळं मी परत साताऱ्याला गेल्यावर सांगितलं. पहिल्यांदाच ते अर्ध्यात उठले नाहीत.

"हात ठेवला म्हंजे गो न्हवं, मास्तर. गो म्हंजे गो. येवढं कळना?" मग जरा जवळ सरकून, "पर दारात न्हाई वळला?"

"नाही."

"आन् त्या बाईला वळून सांगितलं?"

"सवयीनं."

त्यांनी मिशीला पीळ दिला. काकी आत भाकरी थापत होत्या, तो थापण्याचा आवाज बंद झाला होता.

"जिमिनीवर चालतंय," हवालदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या खिडकीतून बघत होतो. ते रोजच्यासारखे रांगोळीवरून उडी मारून निघाले. काकी पिठाचे हात घेऊन दारात. कोपऱ्यावर गेल्यावर हवालदार थांबले. वळले नाहीत. पण थांबले, चांगले चपलेतला खडा काढायला लागेल तेवढा वेळ. खडा काही काढला नाही. मग गेले. त्यानंतर ते रोज थांबायचे. वळलेले मी कधी पाहिले नाहीत.

पण हे नंतरचं. आग्र्याहून मी आधी मिरजेला उतरलो आणि तसाच माधवनगरला गेलो. घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, सगळे सांगलीच्या दवाखान्यात आहेत, मुलगी झाली. धावत गेलो. सासूबाई व्हरांड्यात होत्या. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, हातपाय जागेवर आहेत याची खात्री केली, आणि मग तोंड फिरवून बसल्या.

आत बायको पडून होती. शेजारी दुपट्यात मुलगी, लालभडक, मुठी आवळलेली. मी मुलीला पाहिलं, बायकोला कशी आहेस विचारलं, आणि मग, आता सांगायला लाज वाटते, खाटेच्या कडेला बसून मी तिला विमानाचं दार सांगायला लागलो. ते भोक कसं दिसतं, वारा कसा असतो, पाय कसे जोडायचे. उठून करूनही दाखवलं. शेजारच्या खाटेवरची बाई उशीला टेकून बघत होती. बाहेर पडण्याचा तो एक क्षण किती अवघड असतो, आत आणि बाहेर यांच्या मध्ये माणूस कसा अडकतो, हे मी जरा तपशिलातच सांगितलं. ज्या घरातून न बोलता गेलो होतो त्याबद्दल बोलायचं टाळत होतो, हे तिला कळत होतं आणि मलाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मुलीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

"हीसुद्धा अर्धा दिवस दारात अडून बसली होती," ती म्हणाली. "पण बाहेर आल्याआल्या सगळ्या दवाखान्याला ओरडून सांगितलं. तुमच्यासारखी मुकाट्यानं नाही गेली."